फॉलिक अ‍ॅसिडने जनुकं ‘दुरुस्त’ होत नाहीत

‘रोज एक फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि शेवग्याचा पाला. खराब जीन्स दुरुस्त, म्हातारपणी विसरभोळेपणा नाही.’ ठाण्याच्या तलावपाळीला सकाळी फिरणाऱ्या मंडळींत हा मेसेज महिनोन्‌महिने फिरतोय. नौपाड्यातल्या माझ्या आत्याने तो मनावर घेतला, म्हणून हे लिहिते आहे.

‘जीन्स दुरुस्त होतात.’ नाही होत. जनुकातली अक्षरं जिथल्या तिथेच राहतात. कुठलं जनुक किती काम करेल, एवढंच बदलू शकतं. फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं मिळून रक्तातल्या होमोसिस्टीन या अमायनो आम्लाचं मेथिओनिन हे दुसरं अमायनो आम्ल करतात, त्यातून शरीराला मिथाइल गट नावाचा छोटा रासायनिक तुकडा मिळतो आणि तो डीएनएवर बसला की ते जनुक बहुधा थंडावतं. मेसेजच्या मुळाशी एवढं खरं शास्त्र आहे, म्हणूनच तो शिकलेल्यांनाही पटतो.

‘उंदरांवर सिद्ध झालंय.’ २००३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉटरलँड आणि जर्टल यांनी गाभण उंदरिणींना फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२, आणि मिथाइल गट पुरवणारी कोलीन व बीटेन ही द्रव्यं खाऊ घातली, तेव्हा पिवळा रंग देणारं जनुक थंडावून पिवळ्याऐवजी तपकिरी पिल्लांचं प्रमाण वाढलं. हे गर्भात घडलं. सत्तरीतल्या माणसाच्या मेंदूबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही.

‘विसरभोळेपणा टळतो.’ ऑक्सफर्डच्या २०१० च्या चाचणीत सौम्य विस्मरण असलेल्या वृद्धांचा मेंदू आक्रसण्याचा वेग बी जीवनसत्त्वांनी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला, पण मुख्य फायदा रक्तात होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना. २०१४ साली ११ चाचण्यांतल्या सुमारे २२,००० लोकांची आकडेवारी एकत्र पाहिली, तेव्हा बुद्धीवर फरक दिसला नाही.

‘शेवग्याचा पाला पुरतो.’ इथे मात्र मला राग येतो. पाल्यात फोलेट भरपूर, पण बी-१२ कुठल्याच पालेभाजीत नसतं. ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. आत्या शाकाहारी, दूध चहापुरतं. शिवाय मधुमेहासाठी १२ वर्षं मेटफॉर्मिन, आणि त्याने बी-१२ अंगी लागणं कमी होतं. अशा माणसाने नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं की अ‍ॅनिमिया सुधारतो, रिपोर्टात हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहतं.

गोखले रोडवर आत्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. ती तशीच आठ-दहा पावलं पुढे गेली. “आत्या, चप्पल!” मी ओरडले. तिने खाली पाहिलं तेव्हा तिला कळलं. पायाला मुंग्या येतात, हे तिने तोवर कुणाला सांगितलंच नव्हतं. वयाचं आहे म्हणाली. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बरं होतं, बी-१२ फारच कमी.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनो, निदान तुमच्या घरात मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणारं कुणी असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना बी-१२ च्या तपासणीबद्दल विचारा.

सहा महिन्यांच्या इंजेक्शनांनंतर आत्याच्या मुंग्या कमी झाल्या आहेत. डाव्या अंगठ्याला फरशीचा गारवा अजून लागत नाही.