खवले कुकरला लावून कोलॅजेन होत नाही

सोलापुरात बचत गटांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मासळी बाजारात फुकट पडलेले खवले आणा, व्हिनेगर घालून कुकरला लावा, पाणी गच्चीवर वाळवून पूड करा. हेच ते हजारो रुपये किलोचं कोलॅजेन, आणि गुडघेदुखीवर रामबाण. बायका यात घामाचे पैसे घालतील, म्हणून हे लिहायलाच हवं.

आधी कुकर. कोलॅजेन म्हणजे प्रथिनाच्या तीन साखळ्यांचा पीळ. उष्णता लागली की तो सुटतो आणि हाती जिलेटिन येतं. कॉडसारख्या थंड समुद्रातल्या माशाच्या कोलॅजेनचा पीळ १५ अंशांच्या आसपासच सुटतो. उजनी धरणातली चिलापी, कटला, रोहू उबदार पाण्यातली; त्यांचं कोलॅजेन थोडं चिवट, तरी साधारण ३५ अंशांपुढे तग धरत नाही. मे महिन्यातली सोलापूरची गच्ची त्याहून जास्त तापते, कुकरचं तर बोलायलाच नको. म्हणून अखंड कोलॅजेन काढताना सगळं काम ४ अंशांच्या थंडाव्यात चालतं. खवल्यांचं पाणी गाळून, आटवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी थलथलीत थर दिसेल. ते जिलेटिन. खायला वाईट नाही, पण कोलॅजेन म्हणून विकलं तर गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

दुकानातली पावडरही तापवूनच करतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण कारखान्यात एन्झाइमने, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या द्रव्याने, साखळ्यांचे ठरावीक मापाचे बारीक तुकडे (पेप्टाइड) करतात, मग गाळणं, क्षार काढणं, तपासणी. कुकरमध्ये यातलं काही घडत नाही.

व्हिनेगरचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. प्रयोगशाळेतही साधारण ३ टक्क्यांचं अॅसिटिक आम्लच वापरतात. पण त्याआधी सौम्य अल्कलीने इतर प्रथिनं काढावी लागतात, खवल्यांतलं कॅल्शियम फॉस्फेट वेगळं करावं लागतं. नंतर दोन-तीन दिवस थंडीत मुरवणं, मिठाने साका बसवणं, मीठ धुऊन काढणं. हे टाळलं तर पुडीत चुना, मीठ आणि वासच जास्त.

‘फुकट पडलेले’ खवले तर घेऊच नका. आतड्यांत मिसळून उन्हात दुपारभर पडलेला माल खाण्याच्या पदार्थाला चालत नाही. मासा कापल्या क्षणापासून बर्फ हवा. विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवानाही लागतो.

गुडघ्याचं म्हणाल तर प्यायलेलं कोलॅजेन पोटात पचतं, सरळ सांध्यात जाऊन बसत नाही. पेप्टाइडने थोडा आराम पडल्याचे काही अभ्यास आहेत, पण रामबाण कुणीच ठरवलेलं नाही. माशाची अॅलर्जी असलेल्याला तर ते धोक्याचं.

गटाला खरंच काही करायचं असेल, तर माशाची आतडी-डोकी बारीक करून त्यात २-३ टक्के फॉर्मिक आम्ल मिसळतात. पातळ होऊन ते पशुखाद्यात घालता येतं. आम्ल जळजळीत असतं, हातमोजे-चष्मा लागतोच. कोलॅजेनचाच ध्यास असेल तर कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने माशाच्या अवशेषांवर हेच काम केलंय. भांडी घेण्याआधी तिथे विचारा.