तीन राजवाडे, एक कडा आणि अर्धा समुद्र

लिस्बनला निघालात? मग सिंत्रा-कश्काइशची एका दिवसाची गाइडवाली सहल घ्याच. मी गेल्याच महिन्यात माणशी पंचाहत्तर युरो मोजून करून आलोय, तेव्हा सल्ला द्यायचा मला पुरेपूर अधिकार आहे. आमची लेक तिथे शिकते. ती म्हणाली होती, "बाबा, रोसियू स्टेशनवरून लोकल आहे, चाळीस मिनिटांत सिंत्रा. टूरच्या भानगडीत पडू नका." पोरांचं ऐकायचं नसतं. आपण पैसे पाठवायचे, त्यांनी शिकायचं, एवढंच ठरलेलं बरं.

सहल निवडताना ठिकाणं मोजा आणि जिथे आकडा सर्वांत मोठा तिथे डोळे मिटून बुक करा. आमच्या यादीत सिंत्रा गाव, मूरांचा किल्ला, पेना राजवाडा, रेगालैरा, काबो दा रोका, गिंशूचा किनारा, बोका दो इन्फर्नू, कश्काइश आणि एस्तोरिल होतं. नऊ ठिकाणं, नऊ तास. मधला घाटरस्ता, जेवण, बाथरूम वगैरे गोष्टी कोणत्या वेळात बसतात हे विचारणारा माणूस प्रवासाला लायक नाही, त्याने घरी बसून बजेट करावं. काही ठिकाणांपुढे बारीक अक्षरात 'पॅनोरॅमिक' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ गाडी थांबणार नाही. हे मला मूरांच्या किल्ल्याखालून जाताना कळलं. मूर म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेले मुसलमान राज्यकर्ते, त्यांचा आठव्या-नवव्या शतकातला किल्ला, 1147 साली पोर्तुगालच्या पहिल्या राजाच्या हाती आला, आणि आमच्या हाती आली त्याची एक भिंत, झाडांच्या मधून, साधारण चार सेकंद.

'स्मॉल ग्रुप' लिहिलं असेल तर निश्चिंत राहा. जाहिरातीत आठ, गाडीत सोळा.

आता सर्वांत महत्त्वाचा सल्ला. वेळेवर येऊ नका.

आम्ही आलो होतो. चूक झाली. साडेआठची वेळ, मार्केस दे पोंबालचा चौक. 1755 च्या भूकंपात आडवं झालेलं लिस्बन ज्याने पुन्हा उभं केलं तो हा मार्केस, उंच खांबावर सिंहाला शेजारी घेऊन उभा. सव्वाआठला आम्ही दोघं त्याच्या पायाशी हजर. साडेआठपर्यंत बाराजण जमले. एक जपानी आजीबाई काठी टेकत मेट्रोने आल्या होत्या, त्याही आठ पंचवीसला. आणखी चौघं यायची होती. गाइड पोरगी फोन लावतेय, ड्रायव्हर पोलिसाकडे बघतोय, कारण तिथे गाडी फार वेळ उभी करता येत नाही. आठ बावन्नला चौघं आली. आई, बाप, कॉलेजातला मुलगा, मुलगी. हातात कॉफीचे कागदी ग्लास. सगळ्या गाडीला इंग्रजीत "सॉरी, सॉरी" झालं. मग मागच्या सीटवर बसता बसता बाप बायकोला म्हणाला, "अगं थांबतात. पैसे भरलेत आपण."

मराठीत.

त्या गाडीत हे वाक्य कळणारी माणसं सहा. चार ती आणि दोन आम्ही. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या क्षणापासून आम्ही दोघांनी आपसात फक्त खुणा केल्या.

पुढचं ऐका. सिंत्रा गावात तीस मिनिटं 'फ्री टाइम'. तिथल्या राष्ट्रीय राजवाड्याच्या स्वयंपाकघरावर दोन पांढऱ्या चिमण्या आहेत, तेहतीस-तेहतीस मीटर उंच, कुणी प्रचंड नरसाळी पालथी घालून ठेवलीत असं वाटतं. आत जायला वेळ नाही, पण त्या बघून, बदामाचं सारण भरलेला त्राव्हेसैरू खाऊन (शब्दाचा अर्थ उशी, आणि असतोही उशीसारखा, साखर शर्टावर सांडते) आम्ही गाडीशी. जपानी आजी आमच्या आधी. चौघं कुठे? तर मुलगी चिमण्यांखाली रील करत होती. एकदा वाऱ्याने केस उडाले म्हणून पुन्हा. मग आई मॅग्नेटच्या दुकानात. "तीनला पाच देतोय, चारला सहा कर म्हणते." पंचवीस मिनिटं.

आता पेना राजवाड्याचं तिकीट कसं असतं ते समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथे आहे. आत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती वेळ बागेच्या फाटकाची नव्हे, राजवाड्याच्या दाराची. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे, त्याला अर्धा तास हाताशी ठेवा असं ते स्वतः सांगतात, आणि उशिराला अजिबात सवलत नाही असंही सांगतात. आमची वेळ अकराची. फाटकावर पोहोचलो दहा पन्नासला. जपानी आजी काठी टेकत, धापा टाकत चढल्या. मी माझे गुडघे घेऊन चढलो. दाराशी अकरा वाजून अठरा मिनिटं. दारावरची मुलगी अत्यंत नम्रपणे नाही म्हणाली. तिच्या मागे पुढच्या वेळेची रांग उभी होती, तिचंही बरोबर. गाइडने हात जोडले, कुणाला तरी फोन केला, मग आमच्याकडे वळून उसनं हसत म्हणाली की तसाही हा राजवाडा बाहेरूनच जास्त सुंदर दिसतो.

बाहेर धुकं होतं. त्या डोंगरावर समुद्राकडून धुकं येतं आणि बसून राहतं. जगभरच्या कॅलेंडरांवर असतो तो लाल-पिवळा राजवाडा आमच्यापासून पन्नास पावलांवर होता, आणि आम्हाला वर कुठेतरी हळदीचा हात पुसल्यासारखं पिवळं दिसत होतं. त्या पिवळ्याकडे बोट दाखवून गाइडने इतिहास सांगितला. इथे एक मठ होता, भूकंपात मोडकळलेला. राणी दुसरी मारिया हिचा जर्मन नवरा फर्नांडो याने तो 1838 साली विकत घेतला आणि त्यावर आपल्या हौसेचा राजवाडा चढवला. बांधून घेतला कुणाकडून, तर एश्वेगे नावाच्या जर्मन खाणतज्ज्ञाकडून. 1910 मध्ये राज्य गेलं तेव्हा राणी अमेलियाने देश सोडण्यापूर्वीची शेवटची रात्र इथेच काढली. आत तिच्या खोल्या तशाच ठेवल्यात म्हणे. म्हणे! पंचाहत्तर युरो देऊन मी म्हणे म्हणतोय!

आणि मागून आवाज आला, "हिने आधी नीट सांगायला नको होतं का?"

असो. आवाज चढवायचा नाही असं ठरवून लिहायला बसलोय. सल्ले देऊया.

रेगालैरा चालत्या गाडीतून बघा. कार्व्हालो मोंतैरू नावाच्या ब्राझीलमध्ये जन्मलेल्या धनाढ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुइजी मानीनी या इटालियनाकडून हे घर आणि बाग करून घेतली. तिथे जमिनीत उलटा खुपसलेला मनोरा वाटावा अशी विहीर आहे, सत्तावीस मीटर खोल, गोल जिन्याने तळापर्यंत उतरता येते, खाली भुयारं. सत्तावीस मीटर खोल विहीर गाडीच्या खिडकीतून बघण्याचा योग सगळ्यांच्या नशिबात नसतो. "ऑन युअर राइट," गाइड म्हणाली. उजवीकडे भिंत होती.

गाइडला आपण कुठले ते जरूर सांगा. मी वसई म्हणालो. "आ, बसाईं!" म्हणून तिचा चेहरा फुलला आणि पाव, बटाटा, चावी, पगार हे सगळं आम्हीच तुम्हाला दिलं याची उजळणी झाली. मी मान डोलावली. 1739 ला चिमाजी अप्पांनी तुमच्याकडून काय काय घेतलं आणि तुमच्या चर्चच्या घंटा आमच्या कुठल्या कुठल्या देवळांत वाजतात, हे मी काढलं नाही. अजून पाच तास तिच्याच गाडीत बसायचं होतं. पण एक राहवलं नाही. रेगालैरापुढे त्याच जुन्या रस्त्यावर पेन्या व्हेर्द नावाची इस्टेट आहे. गोव्याचा व्हाइसरॉय जुआंव दे काश्त्रू याची. दीवच्या वेढ्यानंतर किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते, तेव्हा ज्याने गोव्याच्या नगरपालिकेकडे दाढीचे केस गहाण पाठवून कर्ज मागितलं तोच हा. सोमनाथ पाटणचा 1287 सालचा संस्कृत शिलालेख थेट या इस्टेटीत जाऊन पडला, आणि पंडितांनी त्याला नावच दिलं सिंत्रा प्रशस्ती. गुजरातच्या वाघेला राजाची स्तुती, पत्ता मात्र सिंत्रा! मी विचारलं, ती वाडी दिसेल का? गाइड म्हणाली, खासगी आहे, आणि तसंही पंचवीस मिनिटं उशीर झालाय. मग तिने पुढची दहा मिनिटं एका फुटबॉलवाल्याच्या बंगल्याची किंमत सांगण्यात घालवली.

जेवणाचं विचारू नका. आम्ही पर्समधले लाडू खाल्ले, खाली वाकून.

काबो दा रोकाला पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली अकरा बायकांच्या बाथरूमच्या रांगेसाठी. युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, समुद्रापासून सुमारे एकशेचाळीस मीटर उंच कडा. दगडी खांबावर काम्योंइशची ओळ कोरलीय, जमीन इथे संपते आणि समुद्र सुरू होतो अशी. हा कवी आपल्या गोव्यात राहून गेलेला. तुम्ही इथवर आलात असं सर्टिफिकेट पैसे भरून मिळतं, तेही घ्या. वारा असा की माणूस वाकडाच उभा राहतो. कड्याकडेला लाकडी कुंपण आहे, पाट्या आहेत. आमचा कॉलेजकुमार कुंपण ओलांडून पलीकडे गेला. बाप फोन आडवा धरून सांगतोय, "अजून थोडा मागे."

2014 साली याच कड्यावर एक जोडपं कुंपणापलीकडे फोटो काढताना कोसळलं. त्यांची मुलं तिथेच उभी होती.

त्याच वेळी बायकोची टोपी उडाली आणि पाच तासांचं मौन सोडून ती ओरडली, "अहो, टोपी! टोपी धरा!" टोपी अटलांटिकवर गेली. चौघांनी माना वळवल्या. "अय्या, मराठी? मग आधी बोलायचं ना काका!" मुलगा कुंपणाअलीकडे आला, एवढं त्या टोपीमुळे झालं. पुढे कश्काइशपर्यंत त्यांनी आमच्याशी गप्पा मारल्या. गिंशूचा किनारा डावीकडे की उजवीकडे गेला, मला माहीत नाही. बोका दो इन्फर्नू म्हणजे नरकाचं तोंड, लाटांनी पोखरलेला कडा, तिथे "खाली उतरायची गरज नाही, वास येतो" असं ठरलं. कश्काइशला चाळीस मिनिटं होती, मिळाली सतरा. एकोणिसाव्या शतकात राजा लुईश उन्हाळ्यात इथे येऊन राहायला लागला आणि कोळ्यांच्या गावाचं बंदर नावारूपाला आलं. मी समुद्राच्या पाण्यात पाय घालायचं ठरवलं होतं. एक बूट काढून झाला होता, तेवढ्यात गाइडने छत्री वर केली.

आता पुरे हा उपरोध. सरळ बोलतो.

पैसे भरलेत आपण? अहो, त्या आजींनीही भरले होते! सोळाच्या सोळा जणांनी भरले होते! तुमच्या चार तिकिटांत बाकीच्या बारांचा वेळ येत नाही. तुमचे तीन मॅग्नेट आणि एक रील, त्यापायी काठी टेकत चढलेली म्हातारी दारातून परत फिरली, आणि तुम्ही वर त्या गाइड पोरीला नावं ठेवलीत. लग्नाला तासभर उशिरा जाता, नाटकाला तिसऱ्या घंटेनंतर बॅटरी मारत गुडघ्यांवरून जाता, तीच सवय विमानात घालून इथवर आणलीत. आणि मुलगा कड्यावर उलटा चालत असताना फोन कसला धरता? लाज नाही वाटत?

कंपनीलाही सांगायचंय. नऊ तासांत नऊ ठिकाणं हे खोटं आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे. आणि मलाही मी सोडत नाही. ते वाक्य ऐकलं तेव्हा उठून, "दादा, आमचेही पैसे आहेत, वेळ पाळा," एवढं मराठीत म्हणायला किती शब्द लागतात? आठसुद्धा नाहीत. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

परत निघायच्या दोन दिवस आधी लेकीबरोबर लोकलने गेलो. पहाटे उठा, मुकाट्याने. सिंत्रा स्टेशनवरून 434 नंबरची बस पकडा, सकाळची पहिली वेळ बुक करा आणि त्या दिवशी पेना सोडून दुसरं काही बघू नका. आम्ही दाराशी पंधरा मिनिटं आधी पोहोचलो. राणीच्या खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी पाहिली, बायकोने मनातल्या मनात सगळी घासून काढली. धुकं नव्हतं.

आणि हो, कश्काइशला उतरताना त्या चौघांनी प्रेमाने चकली दिली होती. घेतली मी. मऊ पडली होती.