पाणबुडीवाला गेल्यावर काय लिहावं

‘भारतीय नौदलाचे माजी सैनिक, देशसेवेत आयुष्य वेचलेले, मनमिळाऊ स्वभावाचे श्री. अमुक यांचे दुःखद निधन.’ खाली तिरंगा, जोडलेले हात, आणि मागे काळ्या पाण्यातून वर उसळणाऱ्या अमेरिकन अणुपाणबुडीचा फोटो. गेलेला माणूस ‘फॉक्सट्रॉट’ वर्गाच्या जुन्या डिझेल पाणबुडीवर बॅटरी सांभाळत होता. फोटोतल्या बोटीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

अशा पोस्ट आता जास्त दिसू लागल्यात, आणि त्याचं कारण साधं आहे. आपली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ला रीगा बंदरात नौदलात दाखल झाली. तेव्हा पंचविशीत असलेला सेलर आज ऐंशीच्या पुढे आहे. कोकणात, साताऱ्या-कोल्हापूरकडे, पुण्या-मुंबईत ही पिढी एकेक करून जाते आहे आणि मागे राहतंय ते ‘नेव्हीत होते’ एवढंच. ‘रेल्वेत होते’ म्हटल्यावर माणूस इंजिन चालवत होता की तिकिटं तपासत होता ते कळत नाही, त्यातलाच हा प्रकार. माझं म्हणणं एवढंच आहे की पाणबुडीवाल्याच्या श्रद्धांजलीत विशेषणं चार कमी चालतील, पण तीन गोष्टी हव्यातच: बोट (म्हणजे पाणबुडी) कुठली, कंपार्टमेंट (तिच्यातला कप्पा) कुठलं, काम काय.

आधी बोटीचं नाव. इथे पहिला घोटाळा होतो, कारण नौदल पाणबुड्यांची नावं पुन्हा वापरतं. सोव्हिएत बनावटीच्या ‘फॉक्सट्रॉट’ आपल्याकडे आठ होत्या. १९६७ ते १९६९ मध्ये कलवरी, खांदेरी, करंज, कुरसुरा. १९७३-७४ मध्ये वेला, वागीर, वागली, वागशीर. माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या सहा ‘स्कॉर्पिन’ बोटींना यातलीच सहा नावं दिली आहेत. फक्त कुरसुरा आणि वागली ही दोन तेवढी उरली. त्यामुळे १९७०च्या दशकात ‘खांदेरी’वर असलेल्या माणसाच्या पोस्टवर २०१९ साली दाखल झालेल्या ‘खांदेरी’चा फोटो लागतो, आणि घरच्यांनाही ते कळत नाही. नावासोबत वर्षं लिहा, किंवा निदान ‘पहिली खांदेरी’ असं लिहा. पुढे १९८६पासून ‘सिंधुघोष’ वर्गाच्या दहा बोटी आधी सोव्हिएत संघाकडून, मग रशियाकडून आल्या, आणि जर्मन बनावटीच्या ‘शिशुमार’ वर्गाच्या चार. त्यातल्या ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ मुंबईतच माझगावला बांधल्या. माणूस कुठल्या वर्गाच्या बोटीवर होता यावर त्याचं रोजचं जगणं ठरायचं, म्हणून हे महत्त्वाचं.

दुसरा घोटाळा १९७१चा. त्या वर्षी नोकरीत असलेल्या प्रत्येक पाणबुडीवाल्याच्या नावावर ‘गाझी बुडवली’ हे चढवलं जातं. पाकिस्तानची ‘गाझी’ ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. त्याचं श्रेय आपलं नौदल ‘आयएनएस राजपूत’ या विनाशिकेला देतं, तर पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार ती स्वतःच्याच सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने गेली. वाद काहीही असो, भारतीय पाणबुडीचा त्यात हात नव्हता. आपल्या बोटींचं त्या युद्धातलं काम गस्तीचं होतं. कुरसुरा आणि करंज अरबी समुद्रात, खांदेरी बंगालच्या उपसागरात. लक्ष्य कुणाचं आहे याची पक्की खात्री झाल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही, असं बंधन डोक्यावर घेऊन शत्रूच्या दारात पाण्याखाली बसून राहायचं. यात ‘बुडवली’ म्हणण्यासारखं काही नाही, पण ते काम छोटंही नाही. जे केलं तेच लिहा. न केलेला पराक्रम चिकटवला की केलेला झाकला जातो.

आता काम. ‘इलेक्ट्रिकलमध्ये होते’ असं घरचे सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, दिवे-पंखे बघत असतील.

फॉक्सट्रॉटची बोट सुमारे ९१ मीटर लांब, माणसं पंचाहत्तरच्या आसपास, आणि आत सात कंपार्टमेंट. दोन कंपार्टमेंटच्या मध्ये जाड पोलादी भिंत आणि वाकून, पाय आधी टाकून जावं लागेल असं गोल दार. दुसऱ्या आणि चौथ्या कंपार्टमेंटमध्ये माणसं झोपायची आणि त्यांच्या झोपण्याच्या खाली बॅटऱ्या. लेड-अ‍ॅसिडचे एकूण ४४८ सेल. बोट पाण्याखाली असताना मोटरपासून चुलीपर्यंत सगळं यांच्यावर. प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची घनता) मोजायची, तापमान बघायचं, डिस्टिल्ड वॉटर घालायचं, जोडण्या घट्ट आहेत का ते तपासायचं. जोडणी सैल राहिली की तापते, तापली की आग. चार्जिंगच्या वेळी सेलमधून हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून व्हेंटिलेशन चालू आहे का आणि हायड्रोजनचा आकडा किती, हे बघणाऱ्याला डुलकी परवडत नसे. बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन तयार होतो, आणि बंद नळीत क्लोरीनपासून पळायला जागा नसते. तेव्हा ‘इलेक्ट्रिकलमध्ये होते’ हे वाक्य ‘पंचाहत्तर माणसांच्या खालची बॅटरी सांभाळत होते’ असं लिहिता येतं, आणि त्यात अतिशयोक्ती काहीच नाही. २०१०च्या फेब्रुवारीत विशाखापट्टणमला ‘सिंधुरक्षक’वर बॅटरीतून सुटलेल्या हायड्रोजननेच आग लागून एक नौसैनिक गेला होता.

पाचवं कंपार्टमेंट डिझेलचं. तीन इंजिनं, प्रत्येकी दोन हजार अश्वशक्तीची. तिथल्या माणसांना म्हातारपणी कमी ऐकू यायचं. नातवंडं ‘आजोबा ओरडून बोलतात’ म्हणून हसायची, त्यामागे बहुतेक हे कंपार्टमेंट असतं. बोट स्नॉर्केलवर असते तेव्हा फक्त हवेची नळी पाण्याबाहेर ठेवून डिझेल चालवतात. लाट नळीवर आली की वरची झडप आपोआप बंद होते. इंजिन मात्र चालूच, मग ते बोटीतलीच हवा ओढायला लागतं. आतला दाब झपकन उतरतो, कानाचे पडदे ताणतात. झडप पुन्हा उघडली की हवा भसकन आत. खवळलेल्या समुद्रात हे तासन्‌तास. दाब ठरावीक मर्यादेच्या खाली जाण्याआधी इंजिन बंद करायचं. उशीर झाला तर माणसांना त्रास, घाई केली तर चार्जिंग अर्धवट. हा निर्णय वॉचवरच्या, म्हणजे त्या पाळीच्या, माणसांचा असे. त्यात या बोटी थंड समुद्रासाठी बनवलेल्या, आणि आपण त्या अरबी समुद्रात एप्रिल-मेमध्ये चालवल्या. गोडं पाणी मोजून मिळे, आंघोळ हा विषयच नसे.

कंट्रोल रूममधला एक हिशेब तर फारच कमी लोकांना माहीत असतो: ट्रिम. पाण्याखाली बोटीचं वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतकं ठेवावं लागतं, आणि ते दर तासाला बदलत असतं. एक टन डिझेल जळलं की टाकीत त्याची जागा समुद्राचं पाणी घेतं, आणि ते भरतं जवळपास बाराशे किलो. म्हणजे इंधन संपतं तशी बोट हलकी न होता जड होते! जेवण शिजतं, कचरा बाहेर जातो, टॉर्पेडो सुटतो, सगळ्याची बेरीज-वजाबाकी. शिवाय समुद्राची घनता सगळीकडे सारखी नसते. पावसाळ्यानंतर बंगालच्या उपसागरात गंगा, महानदी, गोदावरीचं गोडं पाणी वर पसरलेलं असतं. घनता हजारात एकाने जरी कमी झाली तरी फॉक्सट्रॉटएवढ्या बोटीला सुमारे अडीच टन जादा झाल्यासारखं होतं आणि ती खाली जाऊ लागते. पंप लावून टाकीतलं पाणी बाहेर काढायचं. पंप उशिरा लागला तर बोट खोल जाते, आणि खोलीवर दाब वाढल्याने पंपालाही जास्त जोर लागतो. ज्यांनी हे वर्षानुवर्षं केलं, त्यांच्याबद्दल ‘हिशेबाला पक्के’ एवढंच लिहिलेलं वाचलं की हळहळ वाटते.

हवेचंही तसंच. सोव्हिएत बोटींवर कार्बन डायऑक्साइड शोषून ऑक्सिजन देणाऱ्या रासायनिक प्लेटा असत. प्लेट तेलाला किंवा तेलकट पाण्याला लागली की भडका उडतो. २०००च्या ऑगस्टमध्ये रशियाची ‘कुर्स्क’ बुडाली, तेव्हा मागच्या कंपार्टमेंटमध्ये जिवंत राहिलेल्या तेवीस जणांचा शेवट असल्याच भडक्याने जवळ आणला. त्यामुळे प्लेटा बदलणाऱ्याचे हात कोरडे आणि स्वच्छ आहेत ना, हा तिथे शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता.

आणि कुक. त्यांना तर श्रद्धांजलीत कुणी पाणबुडीवाला म्हणतच नाही, ‘नेव्हीत स्वयंपाकी होते’ म्हणतात. एका माणसाला नीट वळता येणार नाही अशा गॅलीत पंचाहत्तर जणांचं जेवण, तेही वॉचप्रमाणे पाळ्यांत. फोडणीचा धूर बाहेर जात नाही, तो सगळ्यांच्या फुप्फुसात जातो, म्हणून काय कधी शिजवायचं हेही बोट कुठे आहे त्यावर ठरायचं. पाणबुडीवाल्याची ओळख असलेला डॉल्फिनचा बॅज कुकलाही तसाच मिळवावा लागतो: बोटीतल्या सगळ्या यंत्रणा शिकून, पाइपलाइनी नि झडपा तोंडपाठ करून, परीक्षा देऊन. अंधारात झडप सापडली पाहिजे, मग तो अधिकारी असो की कुक. ‘डॉल्फिन कधी लागले’ हे वर्ष मिळालं तर जरूर लिहा. पाणबुडीवाल्यांत ती तारीख लग्नाच्या तारखेइतकी पक्की असते.

‘शहीद’ आणि ‘वीरगती’ हे शब्दही जपून वापरावेत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घरी हृदयविकाराने गेलेल्या माणसासाठी ते वापरले, तर १४ ऑगस्ट २०१३च्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’मध्ये गेलेल्या अठरा जणांसाठी कोणते शब्द उरतात? किंवा २६ फेब्रुवारी २०१४ला मुंबईजवळ चाचणीत असलेल्या ‘सिंधुरत्न’च्या तिसऱ्या कंपार्टमेंटमध्ये धूर भरला, तेव्हा आत राहिलेल्या लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार यांच्यासाठी? अमेरिकेत निवृत्त पाणबुडीवाले दुसऱ्या महायुद्धात गमावलेल्या ५२ बोटींची नावं एकेक करून वाचतात आणि प्रत्येक नावाला घंटेचा एक टोल देतात. भाषण नसलं तरी चालतं. आपल्याकडे नेमकं उलटं, भाषण असतं आणि बोटीचं नाव नसतं.

माहिती मिळवायची कुठून? घरातल्या ट्रंकेतून. डिस्चार्जच्या कागदांवर जहाजं आणि तळ असतात. ‘सातवाहन’ दिसलं तर ते विशाखापट्टणमचं पाणबुडी प्रशिक्षण केंद्र, ‘वज्रबाहू’ दिसलं तर मुंबईचा पाणबुडी तळ. रशियन अक्षरांतली वही किंवा शब्दकोश सापडला तर रद्दीत घालू नका. पहिल्या बोटींची माणसं व्लादिवोस्तोकला रशियन शिकून आली होती, कारण बोटीतली डायलं आणि पाट्याच रशियनमध्ये होत्या. फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं असतात, ती आधी टिपून घ्या, कारण पेन्सिल पुसट होते. मग त्या नावांपैकी जे हयात असतील त्यांना फोन करा. ‘काकांबद्दल काही सांगा’ विचारलंत तर ‘फार चांगला माणूस’ एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा: कितव्या कंपार्टमेंटमध्ये होते? अ‍ॅक्शन स्टेशन (लढाईच्या वेळची ठरलेली जागा) कुठलं? वॉच कुणाबरोबर? कुठली गोष्ट बिघडली की त्यांनाच हाक जायची? शेवटच्या प्रश्नाला उत्तर हमखास येतं, आणि बहुतेक वेळा लांबलचक येतं. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर ‘कुरसुरा’ २००२पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. फॉक्सट्रॉटवाल्याच्या मुलानातवंडांनी एकदा तरी आत चालून यावं. गाईड माजी नौसैनिकच असतात, कंपार्टमेंटचा आकडा सांगितला की नेमकी जागा दाखवतात.

त्याच ट्रंकेत पेन्शनचे कागद असतात, तेही लगेच बघा. संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या पेन्शन पोर्टलवर मृत्यूची नोंद झाल्याशिवाय कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होत नाही. अडतं ते नावावर: नोकरीच्या नोंदीत पत्नीचं नाव लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मी, मृत्यूच्या दाखल्यात तिसरंच. जन्मतारखेचंही तसंच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते, आणि सेलरच्या जुन्या नोंदी मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. हे हयातीतच दुरुस्त करून घेतलं तर आईचे किंवा वहिनींचे हेलपाटे वाचतात.

आणि लिहिण्याच्या उत्साहात डिस्चार्ज बुकाचं किंवा पीपीओचं (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचं) पान जसंच्या तसं फेसबुकवर टाकू नका. त्यावर सर्व्हिस नंबर, जन्मतारीख, कधी बँक खातंही असतं, आणि नव्याने विधवा झालेल्या बाईंना ‘पेन्शन ऑफिसमधून बोलतोय’ असे फोन करणाऱ्यांना तेवढं पुरतं. जे सिंधुघोष किंवा शिशुमार वर्गाच्या बोटींवर होते त्यांच्याबाबत खोलीचे आकडे, सोनारचे (पाण्याखाली आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्रणेचे) पल्ले, गस्तीच्या जागा लिहू नका. त्यातल्या काही बोटी अजून सेवेत आहेत. बोटीचं नाव, वर्षं, कंपार्टमेंट आणि काम, एवढं बिनधास्त लिहा.