‘मदरबोर्ड बदलला तर डेटाबेस का बंद पडतो?’ : एक स्टार देणाऱ्या ग्राहकाला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तक्रार थोडक्यात अशी: पुरात सर्वरचा मदरबोर्ड गेला, आम्ही नवा सर्वर बसवला, डेटा जसाच्या तसा होता, तरी डेटाबेस ‘लायसन्स इनव्हॅलिड’ दाखवत सुरू होईना. की (लायसन्सची फाइल) घातली, चालू झाला, पुन्हा बंद पडला, आम्ही दुसऱ्यांदा बिल लावलं. क्रॅक (लायसन्सची तपासणी चुकवणारी बेकायदा फाइल) टाकून द्या म्हणालात, तर नाही म्हटलं. ‘पैसे उकळायचा धंदा’ हे तुमचे शब्द. इथे वाचणारे बरेचसे बडोद्यातले व्यापारीच आहेत, म्हणून काय घडलं ते सगळं लिहितो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी उतरलं तेव्हा अकोटा, समा, फतेहगंजकडून चिखलाने भरलेले सीपीयू आमच्याकडे रोज येत होते. तुमचा सर्वर जमिनीवर होता. बोर्ड आणि पॉवर सप्लाय गेले, डिस्क वरच्या खणात असल्याने वाचल्या. बाकी कशालाही हात लावण्याआधी त्यांची कॉपी काढली. तुमचा डेटा आमच्याकडे किंवा डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीकडे कधीही अडकला नव्हता. बंद होतं ते त्याला उघडणारं सॉफ्टवेअर.

तुमच्या डेटाबेसची लायसन्स फाइल एका मशीनच्या होस्ट आयडीवर निघते. हा आयडी म्हणजे नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस, १२ आकडे-अक्षरांचा. त्यातली पहिली सहा कार्ड बनवणाऱ्याची, पुढची सहा त्या एका कार्डाची. तुमचं नेटवर्क कार्ड मदरबोर्डवरच होतं, त्यामुळे बोर्डाबरोबर आयडीही गेला. सर्विस सुरू होताना सॉफ्टवेअर फाइलमधला आयडी मशीनशी ताडून बघतं, जुळला नाही की थांबतं. फाइल नोटपॅडमध्ये उघडून नंबर बदलू म्हटलं तर तेही चालत नाही. तिच्यावर कंपनीची डिजिटल सही असते, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की सही खोटी ठरते. नवी फाइल फक्त कंपनीच काढू शकते, आम्ही नाही.

‘बाकीच्यांकडे असं होत नाही’ हेही तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे, कारण सगळ्या डेटाबेसची पद्धत एक नाही. पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएलच्या कम्युनिटी (फुकट) आवृत्तीला की लागतच नाही. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्वरची की मदरबोर्डाला बांधलेली नसते, पण लायसन्स एका सर्वरवरून दुसऱ्यावर नेलं की एरवी ९० दिवस पुन्हा हलवता येत नाही. हार्डवेअर कायमचं निकामी झालं तर मात्र सूट आहे. तुमचं बिलिंग ज्या डेटाबेसवर चालतं, तो होस्ट आयडीवाला आहे.

उशीर का झाला ते सांगतो, कारण यात खरा त्रास तुम्हालाच झाला. लायसन्स तुमच्या पैशाने घेतलेलं, पण कंपनीच्या दप्तरी नोंद होती तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरवाल्याच्या ईमेलवर, आणि तो पत्ता बंद. कंपनी नवी की नोंदणीकृत पत्त्यावरच पाठवते. मग तुमच्या लेटरहेडवर पत्र, जुनं खरेदी बिल, जीएसटी नंबर आणि जुनं मशीन भंगारात गेल्याचं लेखी निवेदन, एवढं जमवावं लागलं. तुमचं खरेदी बिल पाण्यात गेलं होतं, ते सीए साहेबांच्या ऑफिसातून मिळालं. गणपती तोंडावर आलेले, ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचा. म्हणून तोवर काम अडू नये यासाठी आम्ही कंपनीकडून तात्पुरती की मागवली. तिची मुदत आमच्या जॉब शीटवर लिहिलेली आहे आणि खाली तुमच्या काउंटरची सही आहे.

कायमची की आली, बसवली, चालली. दुसऱ्यांदा बंद पडलं ते वेगळ्या कारणाने. इंटरनेट तुटत होतं म्हणून तुमच्याकडच्या मुलाने नवं लॅन कार्ड लावलं आणि बोर्डावरचं बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) बंद केलं. त्याने अडलेलं काम सोडवलं, त्याला बोल लावू नका. पण आयडी पुन्हा बदलला. आम्ही बोर्डावरचं कार्ड परत चालू केलं आणि तीच की चालली. दुसरं बिल फक्त त्या व्हिजिटचं आहे. कीचे पैसे त्यात नाहीत. एएमसी (वार्षिक देखभाल करार) चालू असल्याने कंपनीनेही घेतले नव्हते.

आता क्रॅकबद्दल. विंडोजमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जुना मॅक अ‍ॅड्रेस टाइप करता येतो, हे आम्हालाही माहीत आहे. जुनं मशीन मोडीत काढलं असं लिहून द्यायचं आणि नव्यावर त्याचाच नंबर लावायचा, हे आम्ही कोणासाठीही करणार नाही. क्रॅक तर त्याहून वाईट. ती फाइल अ‍ॅडमिन अधिकाराने चालते, आणि चालते कुठे? जिथे तुमची सगळी उधारी, स्टॉक आणि बॅचनंबर आहेत त्या मशीनवर. शिवाय कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ब बघा: बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. ‘वापरणाऱ्याला’ म्हणजे तुम्हाला. औषधांचा होलसेल धंदा सरकारी लायसन्सवर चालवणाऱ्या माणसाच्या गळ्यात हे अडकवायला माझं मन धजत नाही, मग एक स्टार मिळाला तरी चालेल.

लायसन्सची नोंद आता तुमच्या फर्मच्या ईमेलवर केली आहे. की फाइल, होस्ट आयडी आणि ऑर्डर नंबर यांची छापील प्रत तुमच्या सीए साहेबांकडे ठेवली आहे, दुसरी आमच्याकडे. लॅन कार्ड, बोर्ड किंवा विंडोज बदलायचं ठरलं तर आधी रावपुऱ्यात दुकानावर फोन करा. आयडी बघून सांगायचे पैसे लागत नाहीत. व्हिजिटच्या बिलाबद्दल अजून शंका असेल तर दोन्ही जॉब शीट घेऊन या, समोर बसून एकेक ओळ बघू.