लॉगमध्ये नाही म्हणजे घडलंच नाही?

"लॉगमध्ये एंट्री नाही, म्हणजे रिक्वेस्ट आलीच नाही." सर्व्हरच्या कामाची नोंदवही म्हणजे लॉग; ती चाळून हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी खरंच भांडणार आहे. ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापले गेलेत, डेटाबेसमध्ये अर्धवट नोंद पडलीय, आणि आपण मेल लिहायचा की तुमची रिक्वेस्ट आमच्यापर्यंत पोचलीच नाही? कुठल्या तोंडाने?

येणाऱ्या रिक्वेस्ट वाटून देणारा लोड बॅलन्सर, आणि त्याच्या मागे सर्व्हरची रांग. तक्रारीचं तिकीट आलं की रिक्वेस्ट कुठल्या नोडवर (रांगेतल्या कुठल्या सर्व्हरवर) गेली इथपासून शोधायचं, कारण रिक्वेस्टचा ओळख-क्रमांक (रिक्वेस्ट आयडी) पुढच्या सर्व्हिसला देण्याची तसदी कुणी घेतलेली नसते. प्रत्येक ओळीत आयपी लोड बॅलन्सरचा, खऱ्या ग्राहकाचा कुठेच नाही. एक नोड यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितो, दुसरा भारतीय वेळेत, त्यामुळे सकाळी साडेदहाची गोष्ट एकीकडे 05:00 वाजता सापडते. एवढं सगळं जुळवूनही हवी ती ओळ गायबच! आणि गायब होते ती कायम गर्दीच्या वेळची. सर्व्हर जिवंत आहे ना एवढंच विचारणाऱ्या, रात्री तीनच्या हेल्थ चेकच्या ओळी मात्र एकूण एक शाबूत.

यात योगायोग काही नाही. लिनक्सवर लॉग गोळा करणाऱ्या सिस्टमडीच्या जर्नलची मूळ मर्यादा 30 सेकंदांत एका सर्व्हिसमागे 10,000 संदेश. डिस्क मोकळी असेल तर थोडी सूट, बाकीचं फेकून द्यायचं. तिथून लॉग फाईलमध्ये लिहिणारा किंवा पुढे पाठवणारा आरसिसलॉग उचलतो, तर जर्नल वाचणाऱ्या त्याच्या आयएमजर्नल मॉड्यूलची मूळ मर्यादा 600 सेकंदांत 20,000. भागाकार करा. सेकंदाला जेमतेम 33 ओळी! एवढा ट्रॅफिक आमचा एक नोड रविवारी दुपारीही सहज खातो.

जर्नल निदान 'सप्रेस्ड' (इतके संदेश दाबले) म्हणून आकडा तरी सांगतं. सगळ्यात जास्त संताप येतो तो जावा प्रोग्रामचे लॉग लिहिणाऱ्या लॉगबॅकच्या असिंक अपेंडरचा, म्हणजे संदेश आधी रांगेत ठेवून मागाहून लिहिणाऱ्या भागाचा. रांग 256 संदेशांची, आणि तिच्यात 20 टक्केच जागा उरली की ट्रेस, डीबग आणि इन्फो या कमी महत्त्वाच्या पातळ्यांचे संदेश गुपचूप टाकून देतो. वॉर्निंग आणि एरर तेवढे ठेवतो. आता सांगा, 'पेमेंट पूर्ण झालं' ही ओळ कुठल्या पातळीवर लिहितात? इन्फोवर! म्हणजे सगळं सुरळीत झाल्याचा पुरावाच आधी कचऱ्यात, आणि फाईलमध्ये उरतात फक्त तक्रारी. ती फाईल समोर धरून बाकीची टीम निष्कर्ष काढते की सर्व्हिसच पडली होती. डिस्कार्डिंग थ्रेशोल्ड (ती 20 टक्क्यांची मर्यादा) शून्य करा, रांग मोठी करा, हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. वाचतं कोण?

पुढची गळतीही काही कमी नाही. लॉग दुसऱ्या सर्व्हरला पाठवणारा सिसलॉग यूडीपीवर, म्हणजे पोचपावतीच नाही. आलेली पॅकेट थांबण्याची जागा, म्हणजे रिसीव्ह बफर, भरला की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) पॅकेट टाकून मोकळा. जुन्या लॉग फाईल बाजूला ठेवणाऱ्या लॉगरोटेटच्या कॉपीट्रंकेटमध्ये फाईलची कॉपी आणि मूळ फाईल रिकामी करणं (ट्रंकेट) यांच्यामधल्या क्षणातल्या ओळी जाऊ शकतात, आणि हे त्याच्या स्वतःच्या मॅन पेजवरच (माहितीपानावरच) लिहिलेलं आहे. मेमरी संपून प्रोसेस मारली गेली की तिच्या बफरमधलं सगळं तिच्याबरोबरच जातं, म्हणजे ती मरण्याआधी काय करत होती हे नेमकं त्याच ओळींत असतं आणि त्याच मिळत नाहीत.

मर्यादा वाढवा म्हटलं की स्टोरेजचा खर्च दाखवतात. बरं, मग आरसीएमध्ये (बिघाडाच्या कारणाच्या अहवालात) 'मूळ कारण सापडलं नाही' असं लिहिल्यावर ओरडता कशाला? लॉग ठेवायचे नाहीत आणि उत्तर मात्र मिनिटामिनिटाचं हवं, हे कसं चालेल? आणि हे ऐकून घ्यायचं ते ऑन-कॉलवरच्या पोरांनी, रात्रभर जागून.

मी जास्त काही मागत नाही. जर्नलच्या त्या 'सप्रेस्ड' ओळीवर एक अलर्ट, नेटवर्कची आकडेवारी दाखवणाऱ्या 'नेटस्टॅट'मधल्या रिसीव्ह बफर एररचा एक ग्राफ आणि लोड बॅलन्सरपासून शेवटच्या सर्व्हिसपर्यंत एकच रिक्वेस्ट आयडी. थोडक्या दिवसांचं काम आहे. त्याला उत्तर काय येतं, तर 'पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू', म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्यात. अहो, दिवाळीचा सेल त्या स्प्रिंटच्या आधी आहे!