एसएडीटी पॅकिंगसकट बघा
ऑरगॅनिक पेरॉक्साइडवरचा (रेझिन कडक करायला वापरतात ती अस्थिर रसायनं) लेख वाचला. त्यात त्यांचा एसएडीटी, म्हणजे माल आपोआप विघटित होऊन भडकायला लागतो ते तापमान, उत्कलनबिंदूसारखा ठरलेला आकडा म्हणून दिलाय. तसं नाहीये. तो पॅकिंगसकट असतो. आत तयार होणारी उष्णता तापमानाबरोबर घातांकी वेगाने वाढते, बाहेर जाणारी मात्र सरळ रेषेत. पिंप मोठं झालं की घनफळाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो, म्हणून एसएडीटी खाली येतो. छोट्या कॅनचा आकडा मोठ्या पिंपाला लावू नका! 2017 मध्ये टेक्सासातल्या क्रॉस्बीच्या रसायन कारखान्यात पुरामुळे वीज गेली, थंड ठेवलेले पेरॉक्साइड तापून पेटले.

दुसरं, लेखात भेसळीचा, म्हणजे चुकून दुसरं काही मिसळण्याचा, उल्लेखच नाही. मी इथे वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) फायबरग्लासच्या कामावर होतो. एका मुलाने कोबाल्टच्याच (रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून घालतात ते द्रावण) मगात एमईकेपी, म्हणजे रेझिन कडक करणारं ऑरगॅनिक पेरॉक्साइड, ओतलं. तळाशी कोबाल्टचा जांभळा थर होता, जेमतेम चमचाभर. बघता बघता फेस, पांढरा धूर, आणि तो मगच वाकडा झाला. मुलगा वाचला, पण माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते.

कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मगच एमईकेपी. उरलेलं एमईकेपी परत कॅनमध्ये ओतायचं नाही. आणि मे महिन्यात वडोदऱ्यात पत्र्याच्या शेडखाली कॅन ठेवणाऱ्यांनो, कृपा करून आजच हलवा.