चित्र काढता येत नाही, मग गेम जॅमला यायचंच नाही?

गेम जॅम, म्हणजे ठरावीक वेळेत गेम तयार करायचा उपक्रम, तोंडावर आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याला चित्र काढता येत नाही त्याने चित्रकार गाठावा, नाहीतर या फंदात पडू नये, कारण चित्राशिवाय गेम उभाच राहत नाही. तयार चित्रं वापरणं ही फसवणूक आहे आणि तशी मुभा दिली तर सगळे गेम एकाच छापाचे निघतील.

फसवणुकीचा आरोप सगळ्यात जड, म्हणून आधी तोच. नियम मोडला आणि लपवला तर ती फसवणूक. पण नियमानेच परवानगी दिली असेल तर? लुडम डेअर या ऑनलाइन गेम जॅममध्ये दोन मुख्य वाटा आहेत. कॉम्पोत 48 तासांत एकट्याने सगळं स्वतः करायचं. जॅममध्ये 72 तास मिळतात, टीम चालते, तयार साहित्यही चालतं. फक्त चित्रं स्वतःची नसतील तर ग्राफिक्सच्या गुणांतून बाहेर राहायचं. यात कुणाचं काय लुबाडलं?

'एकाच छापाचे' म्हणणाऱ्यांनी 2012ची लिबरेटेड पिक्सेल कप ही गेम बनवायची स्पर्धा आठवावी. तिथे आधी चित्रकारांची फेरी झाली. ठरलेल्या शैलीत, कुणालाही वापरता येतील अशा मुक्त परवान्याखाली चित्रं जमली आणि मग त्याच साठ्यावर प्रोग्रॅमरांनी गेम उभे केले. चित्रं एकमेकांशी जुळावीत हा तिथे हेतूच होता. दिसणं सारखं असलं की फरक खेळण्यात दाखवावा लागतो, आणि प्रोग्रॅमरला नेमकं तेच हवं असतं.

चित्राशिवाय गेम उभाच राहत नाही, हे तर सरळ चूक. सात दिवसांत रोगलाइक (दर वेळी नवा नकाशा, मेलं की पहिल्यापासून, अशा धाटणीचा गेम) करायचं आव्हान 2005पासून चालू आहे. त्यात कित्येक गेमांचा नायक म्हणजे ईमेल पत्त्यातलं '@' हे चिन्ह आणि राक्षस म्हणजे नुसती अक्षरं. 'थॉमस वॉज अलोन' या गेमची पात्रं साधे आयत आहेत. स्वतः करून बघा: एक चौकोन घ्या. उडी मारताना तो थोडा उभट करा, जमिनीवर आपटला की क्षणभर चपटा करा, पायाशी चार ठिपके धुळीसारखे उडवा. वीसेक ओळींचा कोड. चौकोनाला वजन येतं, आणि कुणी पेन्सिल हातात धरलेली नसते.

'चित्रकार गाठा' हा सल्ला वाईट नाही, पण दोन-तीन दिवसांत अनोळखी माणसाशी सूर जुळवायला वेळ कुठून आणायचा? शिवाय कॉम्पोत तो चालतच नाही.

एक मुद्दा मात्र मान्य. गेम निवडला जातो तो स्क्रीनशॉट बघून, आणि देखणा गेम जास्त जण उघडतात. पण लुडम डेअरमध्ये सहभागीच एकमेकांना गुण देतात, आणि जो इतरांचे गेम मनापासून खेळून गुण देतो त्याचा गेम यादीत वर सरकतो. आयोजकांनी थीमसोबत सोळा रंगांची एक पट्टी आणि ऐच्छिक चित्रसंच जाहीर केला, तर उरलेली दरीही बरीच भरेल.

माझ्या पहिल्या जॅममध्ये मी अकरा तास कोल्ह्याच्या चालण्याची चित्रं काढण्यात घालवले. पहिलाच अभिप्राय आला: 'बटाटा गोड आहे, पण उडी का मारत नाही?' उडीचा कोड लिहायला वेळच उरला नव्हता.